आयफोनमधलं नवं मॉडेम आणि आपल्या सीमाभागातली रेंज

निपाणीच्या एका व्यापाऱ्यांनी विचारलंय: ॲपलने आयफोन १६ई मध्ये क्वालकॉमचं मॉडेम, म्हणजे फोनला टॉवरशी जोडणारी चिप, काढून स्वतःचं सी१ बसवलं. हा फोन घ्यायचा त्यांचा विचार आहे, पण ओळखीचा दुकानदार म्हणतो, "पहिल्या खेपेचा माल आहे, रेंजची तक्रार येणार." त्यांचं रोज कागल-कोल्हापूरला जाणं असतं, आणि अधूनमधून बेळगाव, जांबोटी, चोर्ला करत गोव्याला. तर फोन घ्यावा का? आणि एवढ्या पैशावाल्या कंपनीला एक मॉडेम बनवायला इतकी वर्षं का लागली?

फोन घ्या. तुमच्या दोन्ही रस्त्यांवर जिथे रेंज जाते, तिथे ती जाण्याची मुख्य कारणं फोनच्या बाहेर आहेत. ती कोणती हे कळलं की दुकानदाराच्या बोलण्यात किती तथ्य आहे हेही कळेल. थोडं तथ्य नक्कीच आहे.

मी रेडिओ नेटवर्क ऑप्टिमायझेशनचं काम करतो. गाडीत लॅपटॉप आणि वेगवेगळे फोन ठेवून रस्ते तुडवायचे, कुठला फोन कुठल्या टॉवरशी काय बोलला त्याचा लॉग काढायचा, आणि मग अँटेनाची दिशा, तिचा झुकाव, शेजारच्या सेलची (एकेका अँटेनाच्या टापूची) यादी सुधारायची. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी हा माझा नेहमीचा टापू. त्यामुळे मॉडेमकडे मी टॉवरच्या बाजूने बघतो, आणि तिकडून ते जाहिरातीतल्यापेक्षा बरंच वेगळं दिसतं.

मॉडेमचं काम म्हटलं की लोकांना डाउनलोडचा वेग आठवतो. टॉवर समोर असेल आणि गर्दी नसेल, तर आजचं कुठलंही मॉडेम चांगला वेग देतं. खरी परीक्षा सिग्नल सुटायला लागतो तिथे होते. जोडलेल्या टॉवरचा सिग्नल उणे ८५ डीबीएमच्या (हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा जितका खाली तितका सिग्नल कमजोर) आसपास असला तर फोन निवांत असतो. उणे ११० ला त्याची धडपड सुरू होते. उणे १२० च्या खाली कॉल कधीही तुटू शकतो. या घसरणीत मॉडेमला चालू कॉल सांभाळत शेजारचे सेल मोजायचे असतात, त्यांचा अहवाल टॉवरला द्यायचा असतो आणि टॉवरने सांगितलं की क्षणात उडी मारायची असते. अहवाल उशिरा गेला तर ही उडी, म्हणजे हँडओव्हर, हुकतो. घाईने गेला तर फोन दोन टॉवरांमध्ये उड्या मारत राहतो. आमच्या बेळगावजवळच्या राजहंसगडावर उभं राहिलात तर चारी बाजूंचे टॉवर दिसतात आणि एकही ठळक नसतो. अशा जागी नवख्या आणि मुरलेल्या मॉडेममधला फरक लॉगमध्ये स्पष्ट दिसतो, स्पीड टेस्टमध्ये दिसेलच असं नाही.

आता वर्षं का लागली ते.

२००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये जर्मनीच्या इन्फिनिऑनचं मॉडेम होतं. इन्फिनिऑनचा तो विभाग इंटेलने २०११ मध्ये सुमारे १४० कोटी डॉलरला घेतला, आणि त्याच वर्षापासून आयफोनमध्ये क्वालकॉमची मॉडेम येऊ लागली. २०१६ च्या आयफोन ७ मध्ये काही फोन क्वालकॉमचे, काही इंटेलचे. जानेवारी २०१७ मध्ये ॲपलने क्वालकॉमवर दावा लावला. वाद मुख्यतः पेटंटच्या रॉयल्टीचा होता. २०१८ चे फोन पूर्ण इंटेलवर गेले, पण इंटेलचं ५जी मॉडेम वेळेत तयार होईना. १६ एप्रिल २०१९ ला ॲपलने क्वालकॉमशी तडजोड केली, आणि त्याच दिवशी इंटेलने फोनच्या ५जी मॉडेममधून माघार जाहीर केली. जुलैमध्ये ॲपलने इंटेलच्या त्या विभागाचा बहुतांश भाग १०० कोटी डॉलरला घेतला. सुमारे २,२०० माणसं त्याबरोबर आली. त्यानंतर सी१ असलेला १६ई बाजारात यायला फेब्रुवारी २०२५ उजाडला.

म्हणजे माणसं होती, पेटंट होती, पैसा होता, तरी साडेपाच वर्षं गेली. माझ्या मते याचं कारण चिपच्या कारखान्यात शोधू नये. चिप दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घेता येते. मॉडेमच्या आत जे सॉफ्टवेअर असतं, त्याला जगभरातल्या नेटवर्कच्या सवयी माहीत असाव्या लागतात, आणि त्या सवयी कुठल्याही एका पुस्तकात लिहिलेल्या नाहीत. मानकं आहेत, हजारो पानांची आहेत, पण त्यांत जागोजागी "हे ऐच्छिक", "हे ऑपरेटरने ठरवावं" असं सोडून दिलेलं आहे. एरिक्सनचा टॉवर एक अर्थ लावतो, नोकियाचा दुसरा, सॅमसंगचा तिसरा. त्यावर प्रत्येक ऑपरेटर आपापले आकडे बसवतो. किती डेसिबलचा फरक पडला की उडी मारायची, किती सेकंद थांबायचं, ५जी गेलं तर ४जीच्या कुठल्या फ्रिक्वेन्सी-पट्ट्यात आधी बघायचं. क्वालकॉमने हे सगळं सीडीएमए या जुन्या तंत्राच्या काळापासून, एकेक देश आणि एकेक ऑपरेटर करत गोळा केलंय. विकत घेता न येणारी चीज ती आहे.

शिवाय जुनं सोडताही येत नाही. जिओचं नेटवर्क फक्त ४जी आणि ५जी आहे, पण एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि बीएसएनएलचं २जी अजून चालतं. खानापूरच्या जंगलात व्होएलटीईवर, म्हणजे ४जीवरून, बोलता बोलता ते ४जी सुटलं, तर चालू कॉल न तोडता २जीवर उतरवायचा असतो. म्हणजे २०२५ च्या चिपला १९९० च्या दशकातली भाषाही चोख यायला हवी. युरोप-अमेरिकेत बसून काम करणाऱ्याला ही बाब कमी महत्त्वाची वाटू शकते. आपल्याकडे तिच्यावर कॉल टिकतो.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुणाला हे वेगळं समजावायला नको. वर्षानुवर्षं बाहेरून घेतलेला पंप स्वतः बनवायचा ठरवला, तर ड्रॉइंग महिन्याभरात होतं. पण गिऱ्हाइकाच्या मशीनवर, त्याच्या तेलात, त्याच्या उन्हात तो कसा वागतो हे कळायला वर्षं जातात, म्हणून शहाणा कारखानदार पहिला माल सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला देत नाही. ॲपलनेही हेच केलं. सी१ आधी १६ई मध्ये, म्हणजे त्यांच्या सगळ्यात महागड्या फोनांपासून लांब. सप्टेंबर २०२५ मध्ये सुधारित सी१एक्स आयफोन एअरमध्ये आलं, तर त्याच दिवशी जाहीर झालेल्या आयफोन १७ मध्ये क्वालकॉमचंच मॉडेम राहिलं. बाजारात येण्याआधी सी१ची चाचणी ५५ देशांतल्या १८० ऑपरेटरांबरोबर झाली होती. आकडा मोठा आहे. पण ऑपरेटरबरोबर चाचणी म्हणजे त्याच्या प्रयोगशाळेत आणि काही निवडक शहरांत. त्यात चोर्ल्याच्या वाटेवरचं कणकुंबी येत नाही. म्हणून म्हटलं, दुकानदाराच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे.

हीच वाट आधी चाललेल्यांचं काय झालं तेही बघा. गूगलने २०२१ च्या पिक्सेल ६ मध्ये क्वालकॉम सोडून सॅमसंगचं मॉडेम घेतलं, तेव्हा रेंजच्या आणि फोन तापण्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. त्या निवळायला पुढची काही मॉडेलं जावी लागली. शाओमीने २०२५ मध्ये स्वतःचा फोन-प्रोसेसर आणला, पण मॉडेम मीडियाटेकचं ठेवलं. प्रोसेसर बनवणाऱ्यालाही मॉडेमला हात घालावासा वाटत नाही, यातच सगळं आलं.

आता आपल्या भागाकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

तुम्ही निपाणीहून सीमेवरचं कोगनोळी ओलांडून कागलला जाता, आणि कणकुंबीहून चोर्ला उतरून गोव्यात. नकाशावर हे दोन वेगळे रस्ते, पण टेलिकॉमच्या हिशेबात दोन्ही ठिकाणी तुम्ही एकच रेषा ओलांडता. दूरसंचार खात्याने देश सर्कलमध्ये वाटलाय, आणि गोवा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो. रेषेच्या दुसऱ्या बाजूला कर्नाटक सर्कल. स्पेक्ट्रमचा (रेडिओ लहरींच्या पट्ट्यांचा) लिलाव सर्कलनिहाय होतो, त्यामुळे एकाच कंपनीकडे रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगवेगळी रुंदी असू शकते. इतकंच काय, नेटवर्कची ओळखसुद्धा वेगळी असते. एअरटेल कर्नाटकचा कोड ४०४-४५, एअरटेल महाराष्ट्र-गोव्याचा ४०४-९०. पडद्यावर नाव एकच दिसतं, पण मॉडेमला ही दोन निराळी नेटवर्कं दिसतात.

याचे परिणाम रोजच्या वापरात जाणवतात. सीमेपलीकडच्या शिनोळीला जाऊन बेळगावात परतलेला माणूस सांगतो, "घरी आलो तरी फोन महाराष्ट्राच्याच टॉवरला लटकलाय, नेट रांगतंय." कारण असं: फोन नुसता खिशात असताना तो ज्या नेटवर्कवर बसलाय ते अगदी तुटेपर्यंत सहसा सोडत नाही. परक्या सर्कलमध्ये असताना तो अधूनमधून आपलं घरचं नेटवर्क शोधतो, पण किती वेळाने शोधायचं हे सिमकार्डात लिहिलेलं असतं, सहा मिनिटांच्या पटीत. काहीच लिहिलेलं नसेल तर तासाने. ऑपरेटरने दोन्ही सर्कलचे कोड "समान" म्हणून फोनला कळवले असतील तर ही अडचण येत नाही. कळवले नसतील तर कुणाचंही मॉडेम असो, फोन लटकणार. तेच चालू कॉलचं. रेषेपलीकडचा सेल अलीकडच्या सेलच्या यादीत घातलेला नसेल तर कोगनोळीला कॉल तुटेल, आणि तो क्वालकॉमवरही तुटेल. सीमेवरच्या सेलची यादी दोन सर्कलच्या दोन वेगळ्या टीम सांभाळतात. इकडे नवा टॉवर उभा राहिला तरी तिकडे त्याची नोंद मागाहून पोचते. सीमाभागातल्या लोकांनी हे पिढ्यानपिढ्या सगळ्याच खात्यांत सोसलंय, रेंजही त्याला अपवाद राहिली नाही, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हा दोष दुरुस्त करायला पैसा फारसा लागत नाही. कुणीतरी दोन्हीकडे फोन करून यादी जुळवून घ्यावी लागते.

मॉडेमचा हात कुठे दिसतो? शोधण्यात. रेंज पूर्ण गेल्यावर फोन सगळे पट्टे चाळत बसतो. चांगलं मॉडेम आधी कुठल्या पट्ट्यात काय सापडलं होतं ते लक्षात ठेवून तिथे आधी बघतं, नवखं सगळं पहिल्यापासून चाळतं. आणि वीज खाण्यात. टॉवर लांब असला की फोन पूर्ण ताकदीने, साधारण २०० मिलिवॉटने, प्रसारण करतो. चोर्ल्याच्या वळणांवर बॅटरी उतरते ती यामुळे. सी१ बद्दल ॲपलचा मुख्य दावा विजेचाच आहे: आयफोनमधलं तोवरचं सर्वांत कमी वीज खाणारं मॉडेम. सी१एक्सबद्दल ते म्हणतात की १६ प्रोमधल्या मॉडेमपेक्षा ते ३० टक्के कमी ऊर्जा घेतं. हा कंपनीचा शब्द आहे, पण दिशा पटण्याजोगी आहे. प्रोसेसर आणि मॉडेम एकाच घरचे असले की कुठलं काम तातडीचं आणि कुठलं थांबवता येईल हे प्रोसेसर मॉडेमला सांगू शकतो. गर्दीच्या टॉवरवर नकाशा आधी, फोटोंचा बॅकअप नंतर, अशी रांग लावता येते. गणपतीत बेळगावच्या गल्ल्यांतून चालताना याचा उपयोग होईल.

वेगाच्या बाबतीत अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोजमापांत इंटरनेटचा वेग मोजणाऱ्या उक्ला कंपनीला एक बोलकी गोष्ट दिसली. चांगल्या सिग्नलमधल्या वरच्या वेगात १६ई हा क्वालकॉमवाल्या आयफोन १६ च्या मागे पडला, पण सगळ्यात कमी वेग मिळणाऱ्या खालच्या गटात तो काही नेटवर्कांवर पुढे होता. न्यूयॉर्कच्या माणसाला वरचा आकडा महत्त्वाचा. जांबोटीच्या माणसाला खालचा.

मिलिमीटर वेव्ह (अतिउच्च फ्रिक्वेन्सीचं ५जी) नाही म्हणून १६ईला नावं ठेवली गेली. ते तुम्ही सोडून द्या. ती सोय फक्त अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांत असते, भारतातल्या कुठल्याच आयफोनमध्ये नाही. आपल्याला लागणारे ५जीचे पट्टे, ३५०० मेगाहर्ट्झचा एन७८ आणि ७०० चा एन२८, १६ईमध्ये आहेत. जंगलात आणि घाटात ७०० चा पट्टा लांब पोचतो, ३५०० चा ओल्या झाडीत लवकर दमतो. पावसाळ्यात रेंज जाते ती मात्र सहसा फोन आणि टॉवरमधल्या पावसाने नाही. वीज जाते, टॉवरची बॅटरी संपते, रस्ता खणताना फायबर तुटतो, किंवा दोन टॉवरांमधली मायक्रोवेव्ह जोडणी मुसळधार पावसात मंदावते.

एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. पुरवठादार सोडून स्वतःचं बनवायची ही चळवळ टॉवरच्या बाजूलाही चालू आहे. बीएसएनएलचं ४जी देशी आहे: रेडिओ तेजस नेटवर्क्सचे, कोअर (नेटवर्कचा मध्यवर्ती भाग) सरकारी सी-डॉटचा, जोडणी टीसीएसची. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं देशभर उद्घाटन झालं. जिथे कुणाचीच ४जी सेवा नाही अशा २४,६८० गावांसाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये जी योजना मंजूर केली, तिचे टॉवरही याच तंत्रावर उभे राहतात. जिओनेही ५जीचा कोअर स्वतःचा केला. म्हणजे जंगलातल्या एखाद्या वाडीत उद्या नव्या घडणीचा टॉवर आणि नव्या घडणीचं मॉडेम समोरासमोर येतील. क्वालकॉम आणि एरिक्सन एकमेकांच्या खोडी वर्षानुवर्षं ओळखून आहेत. या दोघांची ओळख आत्ता होतेय. तिथे काही अडलं तर ते लॉग काढूनच सुटेल, आणि लॉग तिथे जाऊनच निघतो. दोन्ही बाजू नव्या असल्यामुळे तक्रार ऐकून सॉफ्टवेअर बदलण्याची त्यांची तयारीही जास्त असते, हा माझा अनुभव आहे. म्हणून या भागातल्या लोकांनी तक्रार करायचा कंटाळा करू नये.

"स्वतःचं मॉडेम" याचा अर्थही नीट घ्या. बेसबँड (सिग्नलचा अर्थ लावणारा भाग) आणि ट्रान्सीव्हर (रेडिओ लहरी पाठवणारा-घेणारा भाग) ॲपलचे झाले. सिग्नल गाळणारे फिल्टर आजही बाहेरचे असतात. त्यांच्यासाठी ॲपलने २०२३ मध्ये ब्रॉडकॉमशी अब्जावधी डॉलरचा करार केलाय. आणि क्वालकॉमची रॉयल्टी संपलेली नाही. पेटंट तंत्रज्ञानाची असतात, कुणाची चिप बसवली यावर ती अवलंबून नसतात. २०१९ च्या तडजोडीतच सहा वर्षांचा परवाना आणि पुढे दोन वर्षं वाढवायची मुभा होती. तेव्हा मॉडेम घरचं झालं म्हणून फोन स्वस्त होईल अशी आशा धरू नका. ॲपलला मिळालेला मोठा फायदा म्हणजे दुरुस्ती आपल्या हातात आली. पूर्वी मॉडेममध्ये दोष सापडला तर पुरवठादाराकडून सुधारणा येईपर्यंत थांबायचं. आता ती आयओएसच्या अपडेटबरोबर थेट येऊ शकते. त्यामुळे सी१वाला फोन घेतलात तर अपडेट पुढे ढकलू नका. "माझा फोन चांगला चाललाय, कशाला अपडेट" ही सवय जुन्या मॉडेमवर चालून गेली असेल, नव्यावर नुकसान करेल.

आता तुमच्यासाठी प्रत्यक्षात काय करायचं.

सीमा ओलांडून आल्यावर नेट रांगत असेल तर विमान मोड चालू करून काही सेकंदांनी बंद करा. फोन नेटवर्क नव्याने निवडतो. फोन बंद करून चालू करायची गरज नाही. सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडून ठेवू नका. कर्नाटक निवडून ठेवलंत आणि कागलला गेलात तर फोन महाराष्ट्राचं नेटवर्क घेणारच नाही आणि तुम्ही मॉडेमला दोष द्याल. चोर्ल्याच्या दिवशी ५जी बंद करून एलटीईवर (४जीवर) ठेवा. घाटात ५जी येत-जात राहतं, ते शोधण्यात बॅटरी जाते आणि कॉलला त्याचा फारसा उपयोग नाही.

रोज एकाच जागी कॉल तुटत असेल तर ऑपरेटरला "रेंज येत नाही" एवढंच लिहू नका. तारीख, वेळ, नेमकी जागा, कुठल्या बाजूला जात होतात आणि चालू कॉल तुटला की कॉल लागलाच नाही, हे लिहा. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचं पान उघडतं. मांडणी मॉडेलनुसार बदलते, पण आरएसआरपीचा (सिग्नलच्या ताकदीचा) आकडा दिसला तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. आकडा उणे ९० आणि तरी कॉल तुटतोय, असं दिसलं तर समजायचं की सिग्नल आहे, हँडओव्हर हुकतोय. अशी तक्रार आमच्यासारख्या माणसाच्या टेबलावर आली तर पहिल्याच फेरीत जागा सापडते. सीमेवरची तक्रार दोन्ही सर्कलकडे नोंदवा, एकाकडे नोंदवून दुसऱ्यापर्यंत ती जाईल असं धरू नका.

आणि दोन सिम ठेवा. १६ईमध्ये एक साधं कार्ड आणि एक ई-सिम चालतं, तेव्हा दुसरं वेगळ्या कंपनीचं घ्या. आयफोन एअरला कार्डाची खाचच नाही, सगळं ई-सिमवर, म्हणजे दुसऱ्याचं कार्ड घालून बघायची सोय जाते. तुमच्यासारख्या फिरणाऱ्या माणसाला ती सोय असलेली बरी. दुसरी कंपनी कुठली हे मी सांगण्यापेक्षा जांबोटी ते चोर्ला या पट्ट्यात रोज दूध किंवा भाजी नेणाऱ्या गाडीवाल्यांना विचारा. कुठल्या वळणावर कुणाचं कार्ड चालतं हे त्यांना पाठ असतं. मग त्या कंपनीचं कार्ड एका फेरीपुरतं कुणाकडून तरी मागून घ्या, तुमच्या आत्ताच्या फोनमध्ये घालून घाटात जाऊन या, आणि नंतर नवा फोन घ्यायला दुकानात जा.